‘फोटो तूच पाठवलास ना?’

मुलीने फोटो आपणहून पाठवला असेल, तर पुढे तो पसरला तरी तक्रार करता येत नाही, हा समज मुंबईच्या कॉलेजकट्ट्यांवर, आणि खेदाची गोष्ट म्हणजे आईवडिलांतही, घट्ट रुजला आहे. तो साफ चुकीचा आहे. भारतीय न्याय संहिता, 2023 च्या कलम 77 नुसार, स्त्रीने खासगी छायाचित्र काढू देण्यास संमती दिली असली, पण ते इतरांपर्यंत पोहोचवण्यास दिली नसली, तर ते पसरवणे गुन्हा ठरतो. मुलगी 18 वर्षांखालील असेल, तर पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदाही लागू होऊ शकतो.

‘ब्रेकअप केलंस तर ग्रुपवर टाकीन’ हा रात्री दीडचा मेसेज लोकलमध्ये बसून घाबरत डिलीट केला जातो. वास्तविक तोच पुरावा असतो. अल्पवयीनांसाठी 1098 ही हेल्पलाइन चोवीस तास सुरू असते.