हलणारा काटा : रोजच्या वजनामागची जुनी गोष्ट

रात्री झोपण्याआधी लघवीला जाऊन काट्यावर उभे राहा. सकाळी उठल्या उठल्या, बाथरूमला जायच्या आधी, पुन्हा वजन करा. मधल्या वेळेत खाणं नाही, पिणं नाही, शौचही नाही. तरी दोन-तीनशे ग्रॅम कमी भरतात. गेले कुठे?

हा प्रश्न वजनकाटा घरात येण्याच्या कितीतरी आधीचा आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एरासिस्ट्रेटस नावाच्या ग्रीक वैद्याने एक पक्षी भांड्यात कोंडला, त्याला खायला दिलं नाही आणि काही वेळाने विष्ठेसकट पुन्हा तोलला. वजन बरंच घटलं होतं. म्हणजे डोळ्यांना न दिसणारं काहीतरी शरीरातून बाहेर पडत होतं. रोमन काळातला नामवंत वैद्य गॅलेन यानेही पुढे अशा अदृश्य बाष्पाबद्दल लिहिलं, पण ते तोलून पाहायच्या भानगडीत कोणी पडलं नाही.

पडला तो सांतोरिओ सांतोरिओ. जन्म 1561, इटलीतल्या पादुआ विद्यापीठात वैद्यकाचा प्राध्यापक, गॅलिलिओच्या ओळखीतला. या माणसाने मोठ्या तराजूच्या दांडीला खुर्ची टांगली आणि स्वतःच तीत बसला. जेवणाआधी वजन, जेवणानंतर वजन, झोपेआधी, झोपेनंतर. खाल्लेलं-प्यायलेलं वेगळं तोलायचं, मलमूत्र वेगळं. असं सुमारे तीस वर्षं. जेवताना ठरलेलं प्रमाण पोटात गेलं की खुर्ची जरा खाली यायची. आता पुरे, उठा! काटा जेवण थांबवतो ही कल्पना आजच्या कुठल्याही ॲपला शोभेल.

1614 साली त्याचं ‘दे स्टाटिका मेदिचिना’ हे पुस्तक निघालं. त्यातला गाजलेला हिशोब असा : दिवसभरात आठ पौंड अन्नपाणी पोटात गेलं, तर त्यातले पाच पौंड न दिसणाऱ्या घामावाटे निघून जातात. आजच्या मोजमापाने हा वाटा फार मोठा आहे. शिवाय तीस वर्षं तोलत बसलेल्या माणसाने रोजच्या नोंदींचे तक्ते छापायला हवे होते असं आपल्याला वाटतं, पण पुस्तकात आहेत ती छोटी छोटी सूत्रं. ते काही असो, मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. वजन वर-खाली होतं याचा सांतोरिओला वैताग नव्हता. त्याच्या दृष्टीने तेच तर मोजायचं होतं. काटा त्याला शरीरात किती आलं आणि किती गेलं ते सांगत होता. माणूस जाडा की बारीक, हा त्याचा प्रश्नच नव्हता.

सव्वाशे वर्षांनी, 1740 मध्ये, अमेरिकेतल्या चार्ल्सटनमध्ये जॉन लायनिंग नावाच्या डॉक्टरने वर्षभर हाच उद्योग केला. सकाळ-संध्याकाळ स्वतःचं वजन, खाणंपिणं, लघवी, घाम आणि जोडीला हवामान. ऋतू बदलले की रोगांच्या साथी का येतात, हे त्याला शोधायचं होतं. साथींचं कोडं काही सुटलं नाही, पण ऋतुमानाप्रमाणे शरीरातली देवघेव बदलते हे कागदावर आलं.

अदृश्य घाम म्हणजे नेमकं काय, याचं उत्तर मिळायला हवेचं रसायनशास्त्र यावं लागलं. 1790 च्या सुमारास फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए आणि त्याचा सहकारी सेगँ यांनी पॅरिसमध्ये प्रयोग केले. सेगँ रबराचा लेप दिलेल्या रेशमी पिशवीत शिरायचा, फक्त तोंडाने श्वास बाहेर. त्यामुळे त्वचेतून जाणारं आणि फुफ्फुसातून जाणारं वेगळं काढता आलं. दोन्हींतून पाण्याची वाफ जाते आणि फुफ्फुसांतून त्याखेरीज कार्बन डायऑक्साइड. आत घेतलेल्या ऑक्सिजनपेक्षा बाहेर टाकलेला हा वायू वजनाला जास्त भरतो, कारण त्यात शरीरातला कार्बन असतो. रात्रीतून हरवलेल्या ग्रॅमांचा हिशोब इथे लागला : बहुतेक वाफ, थोडा कार्बन. लाव्हाझिएला पुढची वर्षं मिळालीच नाहीत. 1794 मध्ये त्याचा शिरच्छेद झाला.

एवढ्याने रात्रीचं समजलं. पण आज 68 आणि परवा साडेएकोणसत्तर, हे कसं? त्याचा एक धागा 1857 मध्ये सापडला. क्लोद बर्नार या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने यकृतातून ग्लायकोजेन वेगळं काढलं. पिष्टमय पदार्थांची साखर शरीर या रूपात यकृतात आणि स्नायूंत साठवतं, साधारण अर्धा किलो. हे ग्लायकोजेन कोरडं राहत नाही, एका ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरून असतं. खाणं एकदम कमी केलं की साठा उपसला जातो आणि पाणीही सुटतं. डाएटच्या पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो ‘उतरतात’ ते असे, आणि एखाद्या भरपेट जेवणानंतर परत चढतात तेही असेच.

दुसरा धागा मिठाचा. रक्तात आणि पेशींबाहेरच्या पाण्यात मिठाचं प्रमाण लिटरला नऊ ग्रॅमच्या आसपास राखलं जातं. मीठ जास्त गेलं की तहान लागते, मूत्रपिंडं पाणी सोडत नाहीत, आणि जादा मीठ बाहेर पडेपर्यंत दोनेक दिवस काटा वर राहतो. पाळीच्या आधी अंगात पाणी साठतं ते संप्रेरकांमुळे. पोटातलं अन्न तर एक ते तीन दिवस मुक्कामालाच असतं. सगळं मिळून किलो-दोन किलोचा फरक सहज पडतो. चरबी एवढ्या वेगाने येत-जात नाही : एक किलो चरबी चढायला गरजेपेक्षा सुमारे 7,700 कॅलरी जास्त खाव्या लागतात.

पाणी काट्याला किती फसवतं याचं दुःखद उदाहरण अमेरिकेतल्या मिनेसोटातलं. 1944-45 मध्ये अँसेल कीझ या शास्त्रज्ञाने उपासमारीच्या अभ्यासासाठी 36 तरुण स्वयंसेवकांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं. शरीर झिजत गेलं, पण त्याच वेळी घोट्यांवर, चेहऱ्यावर सूज आली. प्रत्यक्षात जेवढं मांस-चरबी गेली होती, तेवढी घट काट्यावर दिसत नव्हती.

काट्याचं काम तोवर बदललेलं होतं. 1880 च्या दशकापासून नाणं टाकून वजन सांगणारी यंत्रं युरोपात सार्वजनिक जागी उभी राहिली, मग काटा बाथरूममध्ये आला. 1940 च्या दशकात अमेरिकेतल्या मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने उंचीनुसार ‘योग्य’ वजनाचे तक्ते काढले. माणसाला एक आकडा चिकटला, आणि त्या आकड्यापासूनचं हलणं ही चूक ठरली.

स्प्रिंगच्या जुन्या काट्यावर अर्धा किलो इकडेतिकडे कोणाला कळत नसे. सुई जाड, रेषा बारीक. 1938 मध्ये स्ट्रेन गेजचा, म्हणजे ताण पडला की विजेचा रोध बदलणाऱ्या बारीक तारेचा, शोध लागला, पुढे तो घरगुती काट्यांत बसला आणि शंभर ग्रॅमही पडद्यावर दिसू लागले. पाणी पूर्वीही असंच हलत होतं.

आता गंमत पाहा. काही डिजिटल काटे लगेच पुन्हा उभं राहिलं आणि फरक थोडाच असला तर नव्याने न मोजता मघाचाच आकडा दाखवतात, म्हणजे गिऱ्हाइकाला काटा बिघडल्यासारखा वाटू नये. तपासायचं असेल तर एकदा वजन करा, ग्लासभर पाणी प्या आणि परत चढा. आकडा तसूभर हलला नाही, तर मधे एखादी जड पिशवी उचलून वजन करा, ती खाली ठेवा आणि मग पुन्हा उभे राहा. ग्लासभर पाणी तेव्हा दिसेल.