पाठीवर बर्फ, पोटात काटे

इंग्लंडच्या नैऋत्येला एक्समूरच्या माळांवर बर्फ पडला की तिथल्या तट्टांच्या पाठीवर त्याचा थर तसाच बसून राहतो. बघणाऱ्याला वाटतं, बिचारी गारठली. पण अंगातली ऊब बाहेर पडतच नाही, मग बर्फ वितळणार कशाने? हिवाळ्यात त्यांच्या अंगावर आत लोकरीसारखे दाट केस आणि वर लांब, तेलकट केस येतात. पाऊस वरच्या वर ओघळतो. डोळ्यांभोवतीची मांसल कड तर घराच्या वळचणीसारखी.

पर्यटक त्यांना रानटी म्हणतात, पण एकही तट्टू बेवारस नाही. माळ कुणाचा का असेना, चराईचा हक्क आसपासच्या शेतकऱ्यांचा. आपलं गायरान आठवावं अशी ही जुनी व्यवस्था. शरद ऋतूत कळप हाकून आणतात, शिंगरं तपासून नोंदवतात, काही विकतात. एरवी ना खरारा, ना नाल.

खरी गंमत तोंडात आणि पोटात आहे. गाईला वरचे पुढचे दात नसतात, ती जिभेने गवत ओढते. तट्टाचे दात वर-खाली दोन्हीकडे, त्यामुळे ते जमिनीलगत कुरतडतं. गाय रवंथ करून चाऱ्यातलं सत्त्व निगुतीने काढते, पण निबर चारा तिच्या पोटात रेंगाळतो. घोड्याच्या पोटात चारा आंबतो तो थेट मोठ्या आतड्यात. सत्त्व कमी निघतं, पण माल भराभर पुढे सरकतो. तोटा भरून काढायला मग दिवसरात्र मिळून चौदा-सोळा तास चरायचं! म्हणूनच मोलिनियासारखं खरखरीत गवत त्यांना चालतं, आणि कडाक्याच्या थंडीत गॉर्स या झुडपाच्या काटेरी फांद्याही. गवताचे झुबके मोडले की मधल्या खुरट्या रोपांना ऊन मिळतं.

दुसऱ्या महायुद्धात मात्र ही जात संपतच आली होती. मांसासाठी चोऱ्या झाल्या, सैनिकांनी नेमबाजीसाठी त्यांच्यावर गोळ्या झाडल्याचंही सांगतात. जेमतेम ५० उरली. १९२१ साली स्थापन झालेली एक्समूर पोनी सोसायटी होतीच. युद्धानंतर एक्समूरच्याच रहिवासी मेरी एथरिंग्टन यांनी शेतकऱ्यांना पुन्हा कळप उभे करायला लावले. आजची बहुतेक तट्टं त्या मूठभरांचीच वंशज, त्यामुळे जोड्या लावताना वंशावळ बारकाईने बघावी लागते.

२०१५ मध्ये यांतलीच काही चेक प्रजासत्ताकात, मिलोवित्से गावाजवळच्या जुन्या लष्करी सराव मैदानावर सोडली. १९९१ मध्ये सोव्हिएत सैन्य गेल्यावर तिथे गवत आणि झुडपं माजली होती. पूर्वी रणगाडे जमीन उघडी ठेवत, आता ते काम तट्टं करतात.