पार्श्वभूमी : युजनेटवरच्या छंदगटांची मोजदाद

युजनेट म्हणजे संगणकांवरून संदेश फिरवून विषयवार गटांत गप्पा मारायची जुनी व्यवस्था. तिच्यावरच्या एखाद्या गटात किती माणसं आहेत, हा प्रश्न सुरुवातीला कुणाला पडलाच नव्हता. १९७९ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या दोन विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांनी फोनच्या तारेवरून संगणकांमध्ये संदेश फिरवायचं ठरवलं, तेव्हा दिवसाला एखाद-दुसरा संदेश येईल असा त्यांचा अंदाज होता. १९८८ पर्यंत सुमारे ११,००० यंत्रं आणि दिवसाला १,८०० च्या आसपास संदेश एवढा पसारा झाला. मधली वर्षं इथे सोडून देतो, त्यांच्यावर भरपूर लिहिलं गेलंय. मोजदादीची गरज भासली ती फोनच्या बिलांमुळे.

ही व्यवस्था कुणा एकाच्या मालकीची नव्हती. एक यंत्र दुसऱ्याला फोन लावी, साचलेले संदेश त्याच्याकडे देई, ते पुढे तिसऱ्याला. फोनचे पैसे ज्या त्या विद्यापीठाच्या नाहीतर कंपनीच्या खात्यातून जात. वरिष्ठांनी एखाद्या महिन्यात बिल पुढ्यात ठेवलं, की यंत्र सांभाळणाऱ्याला उत्तर द्यावं लागे : स्वयंपाक, सायकली, मासे, विनोद यांच्या गप्पा आपण कशासाठी वाहून नेतोय, आणि त्या वाचतं कोण? अटलांटिकपलीकडच्या केंद्रांना तर हे फारच महाग पडे. १९८६-८७ मध्ये सगळ्या गटांची नावं बदलून सात शाखा केल्या गेल्या, त्यामागे हाच हिशोब होता. संगणकाचे विषय एकीकडे, विज्ञान ‘साय’मध्ये, छंद ‘रेक’मध्ये, आणि नुसती वादावादी ‘टॉक’मध्ये, म्हणजे ज्यांना ती परवडत नाही त्यांना अख्खी फांदी एका फटक्यात छाटता यावी. छंदांची शाखा या उतरंडीत अधेमधे लटकत राहिली. कामाची म्हणून वाचवावी अशीही नाही, भांडकुदळ म्हणून हाकलावी अशीही नाही.

याच सुमारास कॅलिफोर्नियातल्या एका संगणक कंपनीच्या प्रयोगशाळेतून एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, बाहेर आली. अमेरिकेत रेडिओचे श्रोते मोजणाऱ्या संस्थेचं नाव तिला गमतीने दिलेलं होतं : आर्बिट्रॉन. आपल्याकडे टीव्हीच्या टीआरपीवरून जे रामायण होतं, त्याची ही पूर्वज म्हणायला हरकत नाही. यंत्रचालकाने महिन्यातून एकदा ती चालवायची, निघालेले आकडे ईमेलने प्रयोगशाळेकडे पाठवायचे, तिथे सगळ्यांची बेरीज होऊन जगभराचा अंदाज निघे आणि दर महिन्याला तक्ता प्रसिद्ध होई. नावं कुणाची जात नसत, फक्त संख्या. सहभाग पूर्णपणे ऐच्छिक. त्यामुळे नमुन्यात हौशी यंत्रचालकांचीच यंत्रं येणार हे उघड होतं, आणि तक्ता काढणाऱ्यांनी ते कधी लपवलंही नाही.

स्क्रिप्ट काय मोजत होती हे नीट बघायला हवं, कारण पुढची सगळी भांडणं तिथून निघाली. सामायिक यंत्रावरच्या प्रत्येक वाचकाच्या खात्यात एक साधी फाईल असे. तीत गटाचं नाव, त्यापुढे विसर्गासारखी दोन टिंबं, आणि त्या गटातले कितव्या क्रमांकापर्यंतचे संदेश नजरेखालून गेले ते आकडे. गट सोडला असेल तर टिंबांच्या जागी उद्गारचिन्ह. स्क्रिप्ट ही फाईल उघडून शेवटचा वाचलेला क्रमांक बघे आणि यंत्रावर त्या गटाचा सर्वांत जुना संदेश कोणत्या क्रमांकाचा उरलाय त्याच्याशी ताडून पाही. वाचलेला क्रमांक त्याच्या पुढचा असेल, तर हा माणूस त्या गटाचा वाचक.

आता यात गोम अशी, की जुना संदेश कधी पुसायचा हे त्या यंत्राच्या डिस्कवर अवलंबून होतं. डिस्क मोठी असेल तर संदेश काही आठवडे राहात, लहान असेल तर चार दिवसांत साफ. म्हणजे तीन आठवड्यांपूर्वी एकदाच डोकावून गेलेला माणूस एका विद्यापीठात वाचक ठरे आणि शेजारच्या कंपनीत तोच माणूस ठरत नसे. महिन्याचा तक्ता असं वर लिहिलेलं असलं तरी आतला ‘महिना’ प्रत्येक यंत्राचा वेगळा होता. शिवाय वाचणं म्हणजे वाचणं नव्हेच. संदेश समोर आला आणि ‘पुढचा’ची कळ दाबून तो उडवला, तरी वाचलाच. अख्खा गट एका फटक्यात ‘वाचला’ म्हणून साफ करणाराही वाचकच. तक्त्याखालच्या टिपेत हे प्रामाणिकपणे छापलेलं असे. टीप कोण वाचतं! लोक आकडा उचलत आणि भांडायला जात.

जगभराचा अंदाज काढायचा तर एकूण यंत्रं किती हे लागे. त्यासाठी दुसरी क्लृप्ती होती. प्रत्येक संदेशाच्या माथ्यावर तो कोणकोणत्या यंत्रांतून आला त्याची वाट नोंदलेली असे. या वाटा गोळा करून नेटवर्कचा नकाशा बनवला जाई. पण वाटेत दिसतं ते संदेश पुढे देणारं किंवा स्वतः लिहिणारं यंत्र. टोकाला बसून नुसतं वाचणारं यंत्र कुणाच्याच वाटेत येत नाही. थोडक्यात, मराठी संकेतस्थळांवर ज्यांना आपण ‘वाचनमात्र’ म्हणतो अशी माणसंच नव्हेत, तर अख्खी वाचनमात्र केंद्रं हिशोबातून गळत होती.

तक्त्याचे रकाने वाचकसंख्येवर थांबत नसत. गट किती टक्के यंत्रांपर्यंत पोचतो, महिन्याला किती संदेश, किती किलोबाइट, त्यांपैकी किती एकाच वेळी अनेक गटांत टाकलेले, आणि सगळ्यांत खोचक रकाना : दर वाचकामागे दरमहा किती डॉलर खर्च. या शेवटच्या रकान्याने छंदगटांचं जेवढं नुकसान केलं तेवढं कुठल्याच टीकेने केलं नसेल. निवडक विनोदांचा एक गट होता. संपादक आलेल्यांतले मोजके विनोद निवडून टाकी. संदेश थोडे, वाचक प्रचंड. दरडोई खर्च नगण्य, तक्त्यात वरचं स्थान. याउलट दीडशे माणसं रोज मनापासून एकमेकांना उत्तरं देतायत असा एखादा छंदगट ‘महागडा’ दिसे. ज्या गटात माणसं खरोखर बोलत होती तो तोट्याचा, आणि ज्यात एकजण सांगतो नि बाकीचे हसून जातात तो फायद्याचा. संदेशांवरून मोजा किंवा वाचकांवरून, दोन्हींची उत्तरं उलटसुलट येणार हे त्या तक्त्यात पहिल्यांदा पांढऱ्यावर काळं दिसलं.

पोहोचीच्या रकान्यावरून पेटलेलं सर्वांत गाजलेलं भांडण मत्स्यालयवाल्यांचं. घरी काचेच्या टाकीत मासे पाळणाऱ्यांचा एक गट ‘ऑल्ट’ शाखेत आधीपासून होता. ऑल्ट म्हणजे मतदानाशिवाय कुणीही गट काढावा अशी मोकळी शाखा, आणि म्हणूनच बरीच यंत्रं ती घेत नसत. १९८९ च्या अखेरीस प्रस्ताव आला की या गटाला मुख्य शाखांमध्ये जागा द्यावी, पण ‘रेक’मध्ये नको, ‘साय’मध्ये हवी.

कारणं दोन सांगितली गेली. एक, टाकीत रसायनशास्त्र आहे, जीवशास्त्र आहे, अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू आहेत, तेव्हा हे विज्ञानच. दुसरं, आणि खरं, कारण हे : विज्ञानाची शाखा जास्त यंत्रं घेतात, विशेषतः युरोपात, आणि तिथल्या मासेवाल्यांपर्यंत पोचायचं तर पाटी विज्ञानाची हवी.

यावर जो गदारोळ झाला त्याला तोड नव्हती. विरोधकांचं म्हणणं असं, की नाव हे विषय सांगण्यासाठी असतं, जास्त फिरण्याचा पास म्हणून नव्हे. आज मासे विज्ञानात गेले तर उद्या बागकाम जाईल, परवा पाककृती, आणि मग युरोपातले यंत्रचालक विज्ञानाचीही फांदी छाटतील. तर्क म्हणून यात चूक काही नाही. पण गट काढायच्या नियमात विषयाच्या योग्यतेला मोजमापच नव्हतं. नियम फक्त आकड्याचा होता : ईमेलने मतं मागवायची, ‘हो’ म्हणणारे ‘नाही’ म्हणणाऱ्यांपेक्षा १०० ने जास्त असले की गट मंजूर. मतदाराने तो गट वाचलेला असावा, वाचणार असावा, घरी एखादा गप्पी तरी असावा, अशी कुठलीच अट नाही. तेव्हा माशांशी सुतराम संबंध नसलेल्या लोकांनी तत्त्वासाठी ‘नाही’ म्हटलं आणि तितक्याच असंबंधित लोकांनी तत्त्ववाद्यांना डिवचायला ‘हो’ म्हटलं. हे मतदान मुळात गटाला पुरेसे वाचक मिळतील का याचा अंदाज घेण्यासाठी सुरू झालं होतं. इथे ते वाचकांखेरीज सगळ्याचा अंदाज देऊन गेलं.

प्रस्ताव मंजूर झाला. पण मंजुरी म्हणजे पोहोच नव्हे, कारण गट घ्यायचा की नाही हे शेवटी ज्याच्या त्याच्या यंत्रावर. विज्ञान शाखेतला मासेगट काही यंत्रचालकांनी मुद्दाम घेतला नाही. समांतर ‘रेक’मध्येही मत्स्यालयाचा गट निघाला, आणि पुढे गोड्या पाण्याचे, पाणवनस्पतींचे, समुद्री टाक्यांचे उपगट फुटले ते या ‘रेक’वाल्याच फांदीला. ज्या पोहोचीसाठी एवढं रान उठवलं ती विज्ञानाच्या पाटीने दिली नाही. तरी माझी सहानुभूती मासेवाल्यांकडेच जाते. व्यवस्थेने पोहोच हा निकष केला, त्यांनी तो निकष गंभीरपणे घेतला, एवढाच त्यांचा गुन्हा.

भारतीय गटांची कथा या तक्त्यांत फार ठळक नाही. भारतीय संस्कृतीचा एक मोठा गट समाज-संस्कृतीच्या ‘सोक’ शाखेत होता, पुढे त्याला मराठीसह भाषावार उपगट फुटले. शास्त्रीय संगीताचा गट ‘रेक’मध्ये होता, क्रिकेटचाही. लिहिणारे मुख्यतः परदेशी विद्यापीठांत शिकणारे किंवा तिकडे नोकरी करणारे, मराठी लिहायची ती रोमन लिपीत. इथल्या सर्वसामान्य माणसाला इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, तोवर आर्बिट्रॉनचा काळ सरत आला होता. मराठी गटाबद्दल बोलायचं तर तिथला कुणी गप्प बसलेला पुण्या-मुंबईतला वाचक त्या हिशोबात येण्याची शक्यता जवळजवळ नव्हतीच.

आर्बिट्रॉन कुणी बंद पाडलं नाही, पायाखालची जमीन सरकली. १९८६ मध्येच दूरच्या सर्व्हरवरून संदेश वाचायची पद्धत ठरली होती. नव्वदीच्या सुरुवातीला ती घरोघरच्या आणि कचेऱ्यांतल्या पीसींवर आली. वाचकाची ती छोटी फाईल आता त्याच्या टेबलावरच्या यंत्रात होती, सामायिक यंत्रावर नव्हे. स्क्रिप्ट बघणार काय? त्यातच दर सप्टेंबरला विद्यापीठांत नवी मुलं आली की गर्दी उसळायची आणि ओसरायची, ते चक्र १९९३ नंतर मोडलं. व्यावसायिक सेवांनी आपले ग्राहक आत सोडले आणि गर्दी ओसरलीच नाही. ज्या वर्षांत मोजायला सर्वांत जास्त माणसं होती त्याच वर्षांत मोजायचं साधन निकामी झालं.

मग उरले ते संदेश, आणि तेही भरवशाचे राहिले नाहीत. एप्रिल १९९४ मध्ये अमेरिकेतल्या दोन वकिलांनी ग्रीन कार्डाच्या सोडतीची जाहिरात हजारो गटांत टाकली. मासे, सायकली, शिवणकाम, सगळीकडे तीच. त्यानंतर संदेशसंख्या वाढली म्हणजे गट जिवंत आहे, असं म्हणायची सोयच उरली नाही. उपाय म्हणून एक निर्देशांक रूढ झाला : प्रत्येक प्रत जितक्या गटांत टाकली त्या संख्येचं वर्गमूळ घ्यायचं, सगळ्या वर्गमुळांची बेरीज करायची, ४५ दिवसांत ती २० च्या वर गेली की स्पॅम ठरवून रद्द करता येईल. नऊ गटांत एकदम टाकलेली जाहिरात ३ धरली जाते. अशा सात झाल्या की २१, म्हणजे हद्दपार. वर्गमूळ यासाठी, की एकच प्रत अनेक गटांत जोडून टाकणाऱ्याला थोडी सूट मिळावी आणि वेगवेगळ्या प्रती ओतणाऱ्याला मिळू नये. हिशोब चलाख होता. मात्र स्पॅम रद्द करणारा आदेशही स्वतः एक संदेशच असे, त्याच तारांवरून फिरे आणि एकूण वाहतुकीत भर घाली.

१९९५ पासून एका व्यावसायिक संग्रहाने सगळे संदेश शोधता येतील असे साठवायला सुरुवात केली, २००१ मध्ये तो एका मोठ्या शोधयंत्र कंपनीने विकत घेतला. तेव्हापासून गटाची हालचाल म्हणजे त्या संग्रहातली महिनावार संदेशसंख्या, असं समीकरण बसलं. वाचक हा शब्दच हिशोबातून गेला. मराठी संकेतस्थळांनी पुढे ‘वाचने’ आणि ‘प्रतिसाद’ असे दोन रकाने शेजारी शेजारी ठेवले, शंभर प्रतिसाद गाठणाऱ्या ‘शतकी’ धाग्यांचं कौतुक आणि त्यावरची कुजबुजही सुरू झाली. पण वाचनांत शोधयंत्रांचे बॉट किती आणि स्वतः लेखकच पान पुन्हापुन्हा उघडतोय ते किती, हे बाहेरच्याला तिथेही दिसत नाही.

२०२३ च्या उत्तरार्धात त्याच संग्रहाच्या दारातून युजनेटवर स्पॅमचा लोंढा आला. काही सर्व्हरांनी तिथून येणारं सगळंच अडवलं, काहींनी गाळून घेतलं, काहींनी येऊ दिलं. २२ फेब्रुवारी २०२४ पासून त्या कंपनीने युजनेटचे नवे संदेश घेणं-देणं थांबवलं. जुने संदेश शोधता येतात, पण तिथला महिनावार आलेख त्या तारखेला तुटतो. आता एखाद्या छंदगटाची हालचाल काढायची तर चालू असलेला एखादा सर्व्हर निवडावा लागतो, आणि संदेश किती दिवस ठेवायचे नि काय गाळायचं हे प्रत्येकाचं वेगळं आहे. एकाच गटाचा एकाच महिन्याचा आकडा दोन सर्व्हरांवर वेगवेगळा निघतो.