संस्थानिकांच्या चित्रांतला निळा झगा

व्हिक्टोरिया काळातली संस्थानिकांची तैलचित्रं वाचायची तर आधी छातीवर काय आहे ते पाहावं. 'स्टार ऑफ इंडिया' हा ब्रिटिश सरकारचा मानाचा किताब १८६१ मध्ये निघाला तेव्हा त्यात एकच वर्ग आणि २५ जागा होत्या. १८६६ मध्ये तीन वर्ग झाले. पहिल्याला फिका निळा झगा, कमळं आणि गुलाब गुंफलेली सोन्याची माळ, शिवाय उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे उतरणारा पांढऱ्या काठांचा निळा पट्टा. दुसऱ्याला गळ्यात पदक आणि छातीवर तारा. तिसऱ्याला नुसतं पदक. शिळाछापात पट्टा डाव्या खांद्यावर दिसला तर तो दर्जाचा फरक नव्हे; चित्र दगडावर सुलटं उतरवलं की छाप उलटा येतो.

खरा वाद पदकावरून झाला. त्यात ओनिक्स या दगडावर कोरलेली राणीची छबी होती, म्हणजे संस्थानिकाच्या चित्रात राणीचं चित्र आपोआप यायचं. हैदराबादच्या दिवाणांनी हरकत घेतली: सजीवाची प्रतिमा मुसलमानाने अंगावर घालायची कशी? झगा रेशमी किंवा मखमली असेल तर तेही धर्माविरुद्ध, आणि परक्या पोशाखाला लोक हसतील ते वेगळंच. हरकत धर्माच्या भाषेत होती, पण सगळी धर्माची नसावी. भोपाळच्या बेगम आणि रामपूरचे नवाब यांनी १८६१ मध्येच अलाहाबादेत हाच मान स्वीकारला होता. पिढ्यानपिढ्या स्वतः खिलत, म्हणजे मानाची वस्त्रं, वाटणाऱ्या दरबाराला दुसऱ्याने दिलेलं वस्त्र अंगावर चढवायचं होतं, आणि खिलत घेणारा नेहमी खालचा असतो. अखेर निजामांनी किताब घेतला.

१ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबाराचं चित्र सुमारे ३ मीटर उंच आणि ७ मीटर रुंद आहे. त्यासाठी चित्रकार दरबारानंतर संस्थानोसंस्थानी फिरून चेहरे टिपत होता. गंमत अशी की २१ तोफांच्या वंशपरंपरागत सलामीचे तिघेही मानकरी, हैदराबाद, म्हैसूर आणि बडोदा, तेव्हा पोरवयातले होते.

१८७८ पासून 'इंडियन एम्पायर' हा खालचा किताब आला आणि ओळख पटवणं अवघड झालं. त्याचा पट्टा गडद निळा. पण जुनं व्हार्निश पिवळं पडलं की फिका निळा हिरवट होतो, गडद निळा काळा दिसतो. पट्ट्याच्या रंगावर जाऊ नये, पदकाचा आकार पाहावा: 'स्टार'ची छबी लंबगोलात, 'एम्पायर'ची तांबड्या गुलाबाच्या मधोमध.