वस्तरा फिरवल्याने केस दाट होतात?

मिसरूड फुटलेल्या पोराला ‘आत्ताच दाढी करू नकोस, राठ होईल’ म्हणायचं आणि बाळाचं जावळ मात्र केस दाट यावेत म्हणून काढायचं! दोन्हींत तथ्य नाही. केस वाढतो त्वचेखालच्या मुळातून. वस्तरा तिथवर पोचतच नाही, तो कापतो फक्त बाहेरचा मृत भाग. न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं. कापल्यावर ते बोथट होतं, म्हणून खुंट बोटांना टोचतात. उन्हाने फिका न पडलेला नवा केस काळाही जास्त दिसतो. अमेरिकेत शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ सालीच दाढीचे केस मोजून पाहिले होते: दाढी केल्याने ना जाडी वाढली, ना वेग. पोराची दाढी राठ होते ती वयात येताना वाढणाऱ्या हार्मोनमुळे. वस्तरा नेमका त्याच वयात हाती येतो, एवढंच. जावळ हौसेने जरूर काढा.