एसएसडी : घरगुती संगणकासाठी निवड व जोडणी

फिरती चकती व तिच्यावरून सरकणारे वाचनशीर्ष न वापरता फ्लॅश प्रकारच्या चिपांत माहिती साठवणारे आणि वीज गेल्यावरही ती जपणारे साधन. ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ या नावाचे हे आद्याक्षरी रूप. बोलण्यात ‘एसएसडी हार्ड डिस्क’ असेही म्हणतात. ते अचूक नाही, कारण यात डिस्क नसतेच.

पहिली एसएसडी कोणती याबद्दल एकमत नाही. मतभेद मुख्यतः व्याख्येचा आहे. हलता भाग नसावा आणि संगणकाला ते साधन डिस्कसारखे दिसावे, एवढीच अट धरली तर १९७० च्या दशकातील यंत्रे पुढे येतात. त्यांपैकी स्टोरेजटेक कंपनीच्या १९७८ च्या सुमाराच्या ४३०५ या यंत्राचा उल्लेख वारंवार होतो. त्याची क्षमता ४५ मेगाबाइट होती, पण स्मृती वीज जाताच पुसली जाणारी होती. वीज नसतानाही माहिती टिकलीच पाहिजे असे मानणारे अभ्यासक सनडिस्कने (पुढे सँडिस्क) १९९१ मध्ये आयबीएमसाठी बनवलेल्या २० मेगाबाइटच्या ड्राइव्हकडे बोट दाखवतात. आजच्या घरगुती एसएसडीचे थेट नाते या दुसऱ्या परंपरेशी लागते.

फ्लॅश स्मृतीच्या कालनिर्णयातही अशीच गुंतागुंत आहे. तिच्या मुळाशी असलेला तरंगत्या गेटचा (वीज गेली तरी विद्युत्भार धरून ठेवणारा) ट्रान्झिस्टर डॉन कांग व सायमन झी यांनी बेल प्रयोगशाळेत १९६७ मध्ये मांडला. फ्लॅशचे श्रेय तोशिबातील फुजिओ मासुओका यांना दिले जाते. १९८४ मध्ये त्यांनी मांडलेली रचना सामान्यतः नॉर या फ्लॅशच्या एका प्रकाराशी जोडली जाते. नँड हा दुसरा प्रकार १९८७ मध्ये पुढे आला. एसएसडीत नँड वापरतात, म्हणून येथे १९८७ हेच वर्ष धरणे अधिक योग्य. सगळी माहिती एका झटक्यात पुसली जाते, हे पाहून शोजी आरिइझुमी या सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला आणि त्यावरून नाव पडले, असे सांगतात.

नँडमध्ये लिहिणे पानागणिक (माहितीच्या छोट्या तुकड्यागणिक) होते, पुसणे मात्र अनेक पानांच्या अख्ख्या ठोकळ्याचे. एका पेशीत (भार साठवणाऱ्या सूक्ष्म घटकात) एकच बिट ठेवला तर विद्युत्भाराच्या २ पातळ्या ओळखाव्या लागतात. तीन बिटांच्या टीएलसीत ८, तर चार बिटांच्या क्यूएलसीत १६. पातळ्या जितक्या जवळ, तितके लिहिणे सावकाश आणि झीज लवकर. मोठी फाइल उतरवताना स्वस्त ड्राइव्हचा वेग सुरुवातीला उत्तम असतो आणि मग एकदम कोसळतो. लिहिताना आधी वापरला जाणारा वेगवान राखीव भाग भरून गेल्याची ती खूण. घरच्या मुख्य ड्राइव्हसाठी टीएलसी घ्यावी. क्यूएलसी चित्रपट, गेम अशा क्वचित बदलणाऱ्या साठ्याला पुरते.

खरेदीत सर्वाधिक घोटाळा एम डॉट टू (M.2) या शब्दाने होतो. एम डॉट टू हा पट्टीचा आकार आहे, वेग नव्हे. तिच्या नावातला २२८० हा आकडा म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब. त्याच आकारात सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइटवर अडणारी साटा (हार्ड डिस्कच्या काळापासूनची जोडपद्धत) पट्टीही मिळते आणि काही हजार मेगाबाइट गाठणारी एनव्हीएमई (फ्लॅशसाठी बनवलेली वेगवान पद्धत) पट्टीही. कडेला दोन खाचा असल्या तर ती सहसा साटा, एक असली तर सहसा एनव्हीएमई. मदरबोर्डची पुस्तिका पाहिल्याखेरीज पैसे मोजू नयेत. काही बोर्डांवर एम डॉट टूची जागा वापरली की साटाचे एखादे पोर्ट बंद पडते. जुन्या लॅपटॉपला अडीच इंची साटा एसएसडी पुष्कळ होते. लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात असा बदल करून देणे नित्याचे काम आहे.

झिजेची धास्ती मात्र बहुधा अनाठायी असते. १ टेराबाइटच्या अनेक टीएलसी ड्राइव्हना ६०० टेराबाइट लेखनाची हमी असते. रोज ३० गिगाबाइट लिहिले तरी तो आकडा गाठायला ५० वर्षांहून अधिक लागतील.

एम डॉट टू पट्टी बसवताना वीजजोड काढावा, संगणकाच्या धातूच्या भागाला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवावी. पट्टी साधारण ३० अंशांच्या कोनात खाचेत सरकवली की दुसरे टोक आपोआप वर उचललेले राहते. ते बोटाने दाबून बारीक स्क्रूने बसवायचे. स्क्रू पुष्कळदा मदरबोर्डच्या खोक्यातल्या छोट्या पुडीत असतो. उष्णताशोषक पट्टीखालच्या पॅडवरचा पातळ प्लास्टिकचा पापुद्रा काढायला विसरू नये, नाहीतर ड्राइव्ह तापते आणि वेग उतरतो.

नवी कोरी ड्राइव्ह विंडोजच्या ‘धिस पीसी’मध्ये दिसत नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन जीपीटी (ड्राइव्हच्या विभागांची नोंद ठेवण्याची पद्धत) प्रकार निवडावा, मग विभाग पाडावा. ५०० गिगाबाइटच्या जागी ४६५ दिसले तर फसवणूक झालेली नसते. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. जुनी ड्राइव्ह जशीच्या तशी नव्यावर उतरवायची असेल, तर आधी फोटो व कागदपत्रांची प्रत तिसऱ्या ठिकाणी ठेवावीच. क्लोन करताना स्रोत आणि लक्ष्य यांची अदलाबदल झाली की उरते ती कोरी पाटी.

पुसलेल्या जागा ड्राइव्हला कळवणारी ट्रिम ही आज्ञा २००९ च्या विंडोज ७ पासून उपलब्ध आहे. ती चालू ठेवावी. तिच्यामुळे चुकून पुसलेली फाइल परत मिळण्याची आशा मात्र फार कमी उरते. हार्ड डिस्कच्या सवयीने डीफ्रॅग करणाऱ्या (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र आणणाऱ्या) बाहेरच्या प्रणाल्या एसएसडीवर चालवू नयेत. पेशीतला भार हळूहळू गळतो, त्यामुळे कपाटात वर्षानुवर्षे बिनविजेची ठेवायची प्रत एसएसडीवर नसावी. झीज पूर्ण झालेल्या घरगुती ड्राइव्हने वीज नसताना ३० अंश सेल्सिअसला १ वर्ष माहिती टिकवावी, एवढीच जेडेक या चिपांची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकाची अपेक्षा आहे.