दिव्यांगांसाठी दोन अर्ज: प्रमाणपत्राचा आणि डिझाइनचा, दोन्ही स्वतःच्या नावावर

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका बाईंच्या अंगावरून वारं गेलं आणि उजव्या हाताची पकड गेली ती परत आली नाही. आपल्याकडे नारळ खवल्याशिवाय जेवण होत नाही, आणि खवायला दोन हात लागतात. या बाईंनी वर्षभर डोकं चालवून एका हाताची खवणी तयार केली. करवंटी एका खोलगट वाटीत घट्ट बसते आणि पातं डाव्या हातानं फिरवायचं. खालचा लाकडी पाट विड्याच्या पानाच्या आकाराचा, देठाच्या जागी मूठ. पाट सुताराकडून आणि पातं वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलं, पण आकार सगळा बाईंचा.

मी लोकांना सरकारी अर्ज भरून देते. दिव्यांगत्वाचा दाखला आणि या खवणीच्या डिझाइनची नोंदणी, अशा दोन अर्जांसाठी बाई दिरांबरोबर आल्या. दीर म्हणाले, "माझ्याच नावावर करा, हिला सही जमत नाही, सोपं पडेल." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता सगळ्यात आधी त्याचंच उत्तर देते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम १३ प्रमाणे दिव्यांग माणसाला इतरांइतकाच मालमत्ता बाळगण्याचा, आपला पैशाचा व्यवहार स्वतः सांभाळण्याचा आणि बँकेचं कर्ज घेण्याचा हक्क आहे. सही जमत नसेल तर अंगठा चालतो. नाव मात्र जिचं तिचंच लागलं पाहिजे. डिझाइन ही मालमत्ता आहे, म्हणून तेही याच नियमात आलं.

पहिला अर्ज: दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र)

१९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे मोजकेच प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ आहेत. हालचालीचं दिव्यांगत्व, अंधत्व, अल्पदृष्टी, कर्णबधिरत्व यांच्याबरोबर स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, दीर्घकालीन मानसिक आजार, पार्किन्सन, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल आणि अ‍ॅसिड हल्ल्यातले पीडितही त्यात येतात. आजार दिसत नाही म्हणून अर्जच न केलेली किती तरी घरं मला ठाऊक आहेत.

अर्ज कोणीही करू शकतो, टक्केवारी आधी माहीत असायची गरज नाही. ती डॉक्टर ठरवतात. बहुतेक लाभांसाठी मात्र ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व लागतं. सरकारी नोकरीतलं ४ टक्के आणि सरकारी किंवा अनुदानित उच्च शिक्षणातलं ५ टक्के आरक्षण याच मर्यादेवर आहे. ६ ते १८ वयाच्या अशा मुलांना जवळच्या किंवा पसंतीच्या खास शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन भरतात. हाताशी हे ठेवा: आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा, अलीकडचा पासपोर्ट आकाराचा फोटो, सही किंवा अंगठ्याची स्कॅन केलेली प्रत, आणि चालू असलेला मोबाईल नंबर. मूल लहान असेल किंवा माणूस स्वतः अर्ज भरण्याच्या स्थितीत नसेल तर पालक किंवा सांभाळ करणारे भरू शकतात, पण अर्जदार म्हणून नाव त्या व्यक्तीचंच राहतं. फोटोच्या बाबतीत एक सांगते. मोबाईलवर काढलेला, मागे कपड्यांची दोरी दिसणारा फोटो चढवू नका. पांढऱ्या भिंतीसमोर उजेडात काढा, नाहीतर कार्डावर चेहरा ओळखू येत नाही आणि पुढे बँकेत अडतं.

राज्य आणि जिल्हा निवडला की हॉस्पिटल निवडायचं असतं. लोक सवयीनं बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, निवडतात, पण म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा हॉस्पिटलांचा पर्याय जवळ पडत असेल तर तोही बघा. व्हीलचेअरवरच्या माणसाला काणकोणहून बांबोळीला नेणं म्हणजे त्याचा आणि घरच्यांचा अख्खा दिवस जातो. तपासणीच्या दिवशी जुने सगळे कागद न्या: डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, एमआरआय, ऑडिओग्राम, डोळ्यांचे रिपोर्ट, चालू औषधांची चिठ्ठी. डॉक्टरांना आज समोर बसलेला माणूस दिसतो, गेल्या तीन वर्षांचा त्रास कागदच सांगतात. आणि त्या दिवशी चांगलं दिसायचा प्रयत्न करू नका. आमच्या बाईंनी पहिल्यांदा डॉक्टरांसमोर "तसं सगळं जमतं मला" म्हटलं. मानी बाई, दुसरं काय म्हणणार! पण दाखला तुम्हाला काय जमत नाही याचा असतो, ते स्पष्ट सांगायला हवं.

या कायद्याच्या नियमांत २०२४ मध्ये बदल झाले. अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत दाखला देणं किंवा नाकारण्याचं कारण लेखी कळवणं आता बंधनकारक आहे. कार्डाचा रंग टक्केवारीवर ठरतो: ४० टक्क्यांखाली पांढरा, ४० ते ८० च्या आत पिवळा, ८० आणि वर निळा. दिव्यांगत्व बदलण्याची शक्यता असेल तर दाखल्यावर मुदत घालतात. ती तारीख पहिल्या दिवशीच बघून ठेवा, मुदत संपल्यावर कळलं की मधल्या काळातले लाभ अडकतात. दाखला नाकारला किंवा टक्केवारी पटली नाही तर अपील करता येतं, त्यासाठी कारणाचा लेखी कागद जपून ठेवा. आणि हा दाखला देशभर चालतो. परराज्यात नोकरीला गेलेल्या पोराला तिथे नव्यानं काढायला सांगितलं तर याच कायद्याचं कलम ५८ दाखवा.

गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचं मासिक सहाय्य आणि कदंब बसमधली प्रवास सवलत यांसाठी वेगळे अर्ज आहेत, दाखला मिळाला म्हणून ते आपोआप सुरू होत नाही. योजनेसाठी गोव्यातल्या वास्तव्याचा पुरावा लागतो. त्याचा दाखला मामलेदार कार्यालयातून आधीच काढून ठेवा, ऐनवेळी तिथेच दिवस जातात.

नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर कलम २० वाचा. सरकारी आस्थापना अशा कर्मचाऱ्याला त्या कारणानं काढू शकत नाही की पदावनत करू शकत नाही. जुनं काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यावं लागतं. दबावाखाली राजीनाम्यावर सही करून मग आमच्याकडे येणाऱ्यांना बघून जीव तुटतो. आधी या. तक्रार राज्य दिव्यांगजन आयुक्तांकडे करता येते. चारचौघांत दिव्यांग व्यक्तीचा मुद्दाम अपमान करणं किंवा तिला धमकावणं हा कलम ९२ खाली सहा महिने ते पाच वर्षं कैदेचा गुन्हा आहे.

दुसरा अर्ज: डिझाइन नोंदणी

दाखला हातात नसला तरी हा अर्ज करता येतो, दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. कायदा आहे डिझाइन अधिनियम, २०००. संरक्षण मिळतं ते वस्तूच्या आकाराला, ठेवणीला, नक्षीला, रंगरेषांच्या मांडणीला, म्हणजे डोळ्यांना जे दिसतं त्याला. वस्तू चालते कशी, हे यात येत नाही. बाईंच्या खवणीत विड्याच्या पानाचा पाट आणि देठाची मूठ हे डिझाइन. करवंटी एका जागी धरून ठेवणारी युक्ती खरंच नवी असेल तर ती पेटंटची बाब, त्याचा अर्ज वेगळा आणि तपासणी पुष्कळ कडक.

सगळ्यात मोठी अट नवेपणाची. अर्जाआधी ते डिझाइन भारतात किंवा बाहेर कुठेही प्रसिद्ध झालेलं नको. इथेच आपली माणसं फसतात. पणजीच्या पर्पल फेस्टमध्ये (दिव्यांगांच्या महोत्सवात) किंवा लोकोत्सवात स्टॉल लावला, लोकांनी कौतुक केलं, फोटो व्हॉट्सॲपवर फिरले, आणि मग कोणीतरी म्हणालं की नोंदणी कर. तोपर्यंत नवेपण गेलेलं असतं. प्रदर्शनाबद्दल कायद्यात कलम २१ ची सूट आहे, पण ती केंद्र सरकारनं अधिसूचित केलेल्या प्रदर्शनापुरती, आधी डिझाइन नोंदणीच्या नियंत्रकांना कळवलेलं असेल तर, आणि त्यानंतर सहा महिन्यांत अर्ज केला तर. या सवलतीच्या भरवशावर राहू नका. आधी अर्ज, मग स्टॉल. सुतार, वेल्डर यांना विश्वासानं दाखवलेलं चालतं, फक्त तसं दोन ओळीत लिहून घ्या.

त्या सुताराचं बिलही जपा. मोबदला देऊन दुसऱ्याकडून डिझाइन करून घेतलं तर मालक पैसे देणारा धरला जातो. बिलावर "ग्राहकाने दिलेल्या आकृतीप्रमाणे" असं लिहून घेतलं की पुढे कोणी हक्क सांगायला आलं तर हातात कागद असतो. बाईंची आकृती वहीच्या पानावर डाव्या हातानं काढलेली होती, रेषा थरथरत्या. ते पान तारखेसह आम्ही जोडून ठेवलं.

अर्ज फॉर्म १ मध्ये होतो. त्यासोबत वस्तूचे फोटो किंवा आकृत्या लागतात: समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, वरून, खालून आणि एक तिरका. साध्या पार्श्वभूमीवर, हात किंवा नारळ मध्ये न येता. कशात नवेपण आहे ते एका वाक्यात लिहायचं, म्हणजे पाटाच्या आणि मुठीच्या आकारात. यंत्राच्या कामावर दावा नाही, असंही नमूद करतात. वस्तूचा वर्ग लोकार्नो या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातून निवडतात, हातानं चालवायची स्वयंपाकाची उपकरणं ०७-०४ मध्ये येतात. एकट्या व्यक्तीला, स्टार्टअपला किंवा लघु उद्योगाला शुल्क १,००० रुपये, इतरांना ४,०००. दिरांच्या नावावर केलं असतं तरी शुल्क तेवढंच लागलं असतं, हेही मी त्यांना दाखवलं. अर्ज ऑनलाइन किंवा मुंबईच्या पेटंट कार्यालयातून जातो, तपासणी कोलकात्याच्या डिझाइन शाखेत होते. आक्षेपाचं पत्र आलं तर घाबरू नका, बहुतेक वेळा फोटो किंवा वर्गाबद्दल असतं. पण अर्जाच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत सगळं दुरुस्त व्हायला हवं, त्यावर जास्तीत जास्त तीन महिने वाढवून मिळतात.

नोंदणी न करता ५० पेक्षा जास्त नग बनवले तर मूळ आकृतीवरचा कॉपीराइटही उपयोगी पडत नाही, म्हणून "कॉपीराइट आहेच की" या समजुतीवर थांबू नका. नोंदणी झाल्यावर कोणी नक्कल केली तर प्रत्येक उल्लंघनाला २५,००० रुपयांपर्यंत, एका डिझाइनवर एकूण ५०,००० पर्यंत मागता येतात. किंवा नक्कल थांबवून नुकसानभरपाईसाठी दावा लावता येतो, जिल्हा न्यायालयात. भरपाई हवी असेल तर प्रत्येक नगावर नोंदणीची खूण आणि क्रमांक असायला हवा. संरक्षण दहा वर्षांचं, मुदत संपण्याआधी अर्ज केला तर आणखी पाच.

बाईंनी तो क्रमांक पाटाच्या खालच्या बाजूला, देठाजवळ कोरून घेतला आहे. अर्जावर त्यांचा डाव्या हाताचा अंगठा आहे.